आधी तोला, मग सोडा

आमचे मेहुणे तसे सज्जन गृहस्थ आहेत. पण त्यांच्या तोंडी एक वाक्य आहे आणि ते ऐकले की माझे डोके फिरते. "सोडा हो भावोजी, होतंय सगळं!" चिवड्याच्या फोडणीपासून मुलीच्या लग्नापर्यंत आजवर या एका वाक्यावर त्यांचे भागले. माझे म्हणणे एवढेच आहे की, या वाक्यावर विमान उडत नाही.

विमान म्हणजे खेळातले, बरे का! रिमोटवर उडणारे. नववीतल्या माझ्या नातवाने दोन महिने खपून ते घरी बांधले. लांब पंख, बाल्साच्या पट्ट्या, वजन बरोबर एक किलो. त्यात माझा वाटा म्हणजे गोंदाच्या बाटलीचे झाकण लावणे आणि अधूनमधून "जपून रे" म्हणणे.

पहिल्या उड्डाणासाठी गावाबाहेरच्या माळावर आमची वरात गेली. बॅटरी पुढच्या खणात नीट बसेना. मेहुण्यांनी ती मागे सरकवली. "चार बोटांनी काय फरक पडतो?" नातू म्हणाला, "मामाआजोबा, एकदा तोलून बघू या." मेहुणे म्हणाले, "अरे, विमान आहे की वाण्याचा तराजू? सोड!" वडीलधाऱ्यांचे ऐकावे, असे मीच त्याला शिकवले होते. त्याने सोडले.

विमानाने नाक वर केले, आणखी वर केले, तीसेक फुटांवर किल्ली घरी विसरल्यासारखे थबकले आणि एका अंगाला कलंडून जे खाली आले, ते शेंगदाणे विकणाऱ्या एका पोराच्या टोपलीपासून दोन हातांवर. पोरगे हसले. मला हसू आले नाही. किलोभर वजन आणि पुढे गरगरणारा पंखा! दोन हात इकडे पडले असते तर "होतंय सगळं" कोणाला सांगणार होतो?

आता त्या चार बोटांचा हिशेब मांडतो. दोनशे ग्रॅमची बॅटरी आठ सेंटिमीटर मागे गेली की किलोभर विमानाचा गुरुत्वमध्य सोळा मिलिमीटर मागे जातो. आमच्या पंखाची रुंदी वीस सेंटिमीटर. अशा साध्या शिकाऊ विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव ते एक तृतीयांश रुंदीत, म्हणजे पाच ते साडेसहा सेंटिमीटरवर, असावा लागतो. नकाशावरची खूण होती सहावर. आमचे विमान होते साडेसातच्या पुढे! या छंदातले जुने लोक म्हणतात, नाकजड विमान वाईट उडते, शेपूटजड विमान एकदाच उडते. आम्ही ते एकदा उडवून पाहिले.

आणि हा तोल बघायला लागते काय? बॅटरीसकट सगळे सामान जागेवर बसवायचे आणि खुणेपाशी दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून विमान उचलायचे. नाक किंचित खाली झुकले पाहिजे, पानावर बसलेला माणूस पहिल्या घासाला वाकतो तेवढेच. शेपूट खाली गेली तर आधी बॅटरी पुढे न्यायची. तेवढ्याने भागले नाही तर नाकात शिसे.

शिसे म्हणताच मेहुणे उसळले. "पोरानं हलकं व्हावं म्हणून पट्ट्यांना भोकं पाडली, आणि तुम्ही वर शिसं चिकटवणार?" होय, चिकटवणार! राइट बंधूंनी १९०४ साली आपल्या दुसऱ्या विमानाच्या पुढच्या टोकाला सुमारे सत्तर पौंड लोखंड बांधले होते. त्यांना काय वजनाची हौस होती? शिवाय आमच्या विमानाची शेपूट नाकाच्या तिप्पट लांब. तिकडे एक ग्रॅम गोंद जास्त झाला की इकडे तीन ग्रॅम भरपाई. डाव्या पंखाला तर नातवाने इतक्या मायेने गोंद फासला होता, की नाक आणि शेपूट धरून उचलताच तो पंख खाली गेला. उजव्या टोकाला रुपयाचे नाणे चिकटवले, तेव्हा समेट झाला.

यावर मेहुण्यांचे शेवटचे अस्त्र असे, की रिमोटवर ट्रिमची बटणे असतातच, हवेत गेल्यावर बघू. अहो, ट्रिम म्हणजे वरून घ्यायचे मीठ! करपलेल्या आमटीला मिठाचा काय उपयोग? आणि हवेत बघायचे कोणी? तिथे ना टेबल, ना पकड, ना "जरा थांब" म्हणायची सोय. दांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाची झडप वर आणि डाव्याची खाली गेली पाहिजे. आमची नेमकी उलटी जात होती! हे टेबलावर कळले म्हणून आम्ही हसलो. हवेत कळले असते तर दुसरे विमान बांधत बसलो असतो.

म्हणून माझा जाहीर निषेध आहे. धाडसाला माझा विरोध नाही. आळसाला धाडस म्हणण्याला आहे. पोराच्या दोन महिन्यांच्या कष्टाला पाच मिनिटे द्यायचा कंटाळा करणे हा शूरपणा नव्हे.

तीन आठवड्यांनी, मोडलेले जोडून, आम्ही पुन्हा माळावर गेलो. या वेळी विमान चार मिनिटे उडाले आणि गवतावर अलगद उतरले. मेहुण्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघा! मी म्हणत नव्हतो, होतंय सगळं?"

नातवाचे तिकडे लक्ष नव्हते. त्याने दुसरी बॅटरी बसवली आणि विमान पुन्हा दोन बोटांवर उचलून धरले. मी म्हटले, "अरे, आत्ताच तर तोललं होतंस!"

"बॅटरी बदलली ना, आजोबा," तो म्हणाला.