चोर आला, हसा!

घरात चोर शिरला की हसायचं असतं, हे अमेरिकेने १९९० साली ठरवलं आणि आपण निमूटपणे मान्य केलं. त्या नोव्हेंबरात 'होम अलोन' आला. नाताळच्या सुटीत घरचे लोक आठ वर्षांच्या पोराला विसरून पॅरिसला जातात, आणि ते कार्टं दोन चोरांवर इस्त्री पाडतं, रंगाचे डबे हाणतं. त्यातल्या एका डब्यावर आमचे हेडकॅशिअर सहा महिने मेडिकल रजेवर गेले असते. हे चोर मात्र कपाळ चोळत पुन्हा जिना चढतात. एक कोटी ऐंशी लाख डॉलर घालून सत्तेचाळीस कोटींच्या वर वसुली! असलं व्याज मी उभ्या नोकरीत कुठल्याही लेजरात पाहिलेलं नाही.

माझी तक्रार पैशाची नाही. (थोडी आहे.) तक्रार ही, की हीच गोष्ट १९८९ साली फ्रान्समध्ये रेने मान्झोर नावाच्या गृहस्थाने सांगून ठेवली होती, आणि खरी सांगितली होती. चित्रपटाचं नाव '३६१५ कोड पेर नोएल'. आमच्या कौंटरवर एकाला तो बचत खात्याचा नंबर वाटला. त्याचं फारसं चुकलं नाही. फ्रान्समध्ये तेव्हा घरोघरी 'मिनिटेल' असायचं: टेलिफोनला जोडलेला छोटा पडदा आणि टाइप करायला कळा. ३६१५ फिरवून सेवेचं नाव टाइप केलं की मिनिटागणिक बिल चढायला लागायचं. २०१२ साली ते बंद झालं. 'पेर नोएल' म्हणजे सांताक्लॉज.

तर तोमा नावाचा मुलगा या यंत्रावर सांताक्लॉजशी बोलायला जातो, आणि पलीकडे बसलेला असतो भलताच माणूस. नाताळच्या रात्री आई दुकानातल्या कामावर. घरी मुलगा आणि डोळ्यांनी अधू झालेले आजोबा. पोरगं टेबलाखाली दबा धरून बसलंय, सांताक्लॉज खरंच येतो का ते बघायला. येतो! धुराड्यातून उतरतो आणि पोराच्या डोळ्यांदेखत त्याच्या लाडक्या कुत्र्याला मारून टाकतो.

आता गंमत बघा. म्हणजे गंमत नाहीच. आईने बजावलेलं असतं, सांताक्लॉजला चोरून पाहिलंस तर त्याचा राक्षस होतो. त्यामुळे पोराला वाटतं, आपण पाहिलं म्हणूनच हे झालं. आपण नाही का बागुलबुवाच्या धाकाने पोरांना वरणभात भरवत? एका रात्री तो खरोखरच कडी काढून आत आला तर पोराने काय समजायचं?

तोमाही सापळे लावतो. पण इथे लागलं की लागतं. पोर रडतं, घाबरतं, आजोबांना सांभाळत खोल्याखोल्यांतून पळतं. शेवटी जीव वाचतो, बालपण वाचत नाही.

साहेब म्हणतात, "अहो, सुटीच्या दिवसांत असलं भयंकर कशाला बघायचं?" मुलांना दाखवा असं मी म्हणतच नाही. मी मोठ्यांना सांगतोय. आमच्या मजल्यावर एकदा चोरी झाली. गेलं काय, तर एक मिक्सर आणि चांदीच्या दोन वाट्या. शेजारच्या वहिनी मात्र पुढे वर्षभर दिवा लावून झोपत होत्या. त्यांच्यासमोर बसून इस्त्रीच्या विनोदाला कुणी टाळी देऊन दाखवावी.

मान्झोरसाहेबांनी 'होम अलोन'वाल्यांवर उचलेगिरीचा आरोप केला, कोर्टाची भाषाही केली. त्या भांडणात मी पडत नाही. मी एवढंच म्हणेन, की उचललंच असेल तर अर्धंच उचललं. सापळे नेले, भीती तिथेच टाकली. आणि जे टाकलं ते अमेरिकेतल्या थिएटरांत रीतसर लागायला २०१८ साल उजाडलं. एवढ्या अवधीत आमच्या शाखेतसुद्धा बाहेरगावचा चेक वटतो.