बुलबुल आणि वटवाघूळ

उंबर पिकला म्हणजे त्याच्याकडे दोन पाहुणे येतात. दिवसा बुलबुल येतो आणि रात्री वटवाघूळ येते. दोघांनाही पंख आहेत व दोघेही फळे खातात. परंतु बुलबुलाचा गोड स्वर ऐकून लोक सुखावतात, तर वटवाघळास अशुभ मानून हाकलून देतात. हा भेद न्याय्य आहे काय?

शास्त्र रूपावर भाळत नाही. ते शरीराची रचना पाहते. बुलबुलाच्या अंगावर पिसे असतात व मादी अंडी घालते. म्हणून तो पक्षी होय. वटवाघळाच्या अंगावर केस असतात व मादी आपल्या पिलास दूध पाजते. म्हणून ते सस्तन प्राणी होय. त्याचा पंख म्हणजे लांब बोटांवर ताणलेली पातळ कातडी. लिनीअस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने तर १७५८ साली त्याला माणूस व माकड ह्यांच्याच गणात बसविले होते. पुढे त्याचा गण वेगळा झाला. परंतु सस्तनांशी असलेले त्याचे नाते कायम राहिले.

वर्गीकरणात असा न्याय झाला, तरी संरक्षणात तो झाला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदीर व कावळा ह्यांच्या पंक्तीस, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसली. त्यांना मारण्यास आडकाठी नव्हती. त्याच कायद्याने बुलबुलाला मात्र संरक्षण दिले. उपद्रवी प्राण्यांची ती यादी २०२२ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली.

वास्तविक वटवाघळास संरक्षणाची गरज अधिक आहे. बुलबुलाची मादी एका वेळी दोन-तीन अंडी घालते. वटवाघळाच्या मादीस बहुधा एकच पिलू होते. बुलबुल कोणत्याही झुडपात घरटे बांधतो. परंतु वटवाघळांचा वड तुटला, की शेकडो जीव एकदम निराश्रित होतात.

वटवाघळे फळबागांचे नुकसान करतात, ही तक्रार खोटी नव्हे. परंतु त्यावर झाडाला जाळी लावणे हा उपाय आहे. त्यांना हात लावू नये, त्यांची उष्टी फळे खाऊ नयेत, हेही खरे. कारण त्यांच्यापासून रोग होण्याचा संभव असतो. तथापि दूर राहणे वेगळे आणि जीव घेणे वेगळे. बुलबुल दिवसा जे बी पेरतो, तेच काम वटवाघूळ रात्री करते. मोहासारख्या वृक्षाचे मोठे बीही ते दूर नेऊन टाकते.

गोड गळा हा बुलबुलाचा गुण आहे. तो नसणे हा वटवाघळाचा अपराध नव्हे. रानाला दोघेही हवेत, म्हणून माणसाने दोघांनाही जगू द्यावे.