पैशाचा सल्ला देणारा आपला माणूस



निकाल लागले की सातारा-सांगलीकडची बी.कॉम. झालेली मुले-मुली आम्हाला विचारतात, "बचत-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचे काम धरावे काय?" आम्ही म्हणतो, जरूर धरावे. हे काम बाबासाहेबांनीही केले होते, हे आपल्या पुष्कळ घरांत ठाऊक नाही.

साताऱ्याच्या आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव दाखल झाले, ते बाबासाहेब पुढे परदेशी अर्थशास्त्र शिकून मुंबईस आले. तेथे त्यांनी शेअर-रोख्यांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि व्यवसाय बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ निघाला.

आज या कामाची पहिली पायरी परीक्षा आहे, आणि परीक्षा जात विचारत नाही. विमा एजंटाची परीक्षा दहावी झालेल्यालाही देता येते. म्युच्युअल फंड विकायचे तर एनआयएसएमची १०० गुणांची परीक्षा असते. ५० गुणांना पास. मग ॲम्फीकडून नोंदणी क्रमांक मिळतो. या दोन्हींत कमाई कमिशनची. तिसरी वाट सेबीकडे नोंदलेल्या सल्लागाराची. तो गिऱ्हाइकाकडून फी घेतो, त्याच गिऱ्हाइकाच्या गुंतवणुकीवर कमिशन घेत नाही. ही वाट अवघड, पण मानाची. सुरुवातीला मिळकत थोडी असते; म्हणून आधी दोन-तीन वर्षे बँकेत किंवा एखाद्या कचेरीत नोकरी करून काम शिकावे.

आता कळकळीचे सांगणे. नवा एजंट पहिल्यांदा मावशी-मामाच्या दारी जातो. आमच्याही घरी एक नातेवाईक आला होता. वडिलांच्या पगाराला न झेपणारी पॉलिसी त्याने गळ्यात मारली. दोनच हप्ते भरता आले. तेव्हाच्या नियमाने एक पैसाही परत मिळाला नाही. त्याला कमिशन मिळाले, आमचे नाते मात्र तुटले.

तेव्हा विकण्याआधी समजावून सांगा. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला. बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असल्याने बहुतेक ठेवीदार वाचले. पतसंस्थेतील ठेवीला तो विमा नसतो. एवढे आपल्या आईला, शेजारच्या काकूला नीट सांगितलेत, तरी तुमच्या शिक्षणाचे चीज झाले.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले: एक खर्चासाठी, दोन धंद्यासाठी, एक संकटासाठी राखून. सल्लागाराचा पहिला धडा हाच. रोजंदारीवरच्या घराचा तो चौथा भाग ज्याच्या हातून सुरक्षित राहील, त्याचीच आजीविका सम्यक.