मांसदारिद्र्य

१९८९ सालीं आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन वैद्यकशास्त्रज्ञानें ‘सार्कोपेनिया’ असा शब्द बनविला. ग्रीक भाषेंत ‘सार्क्स’ म्हणजे मांस व ‘पेनिया’ म्हणजे दारिद्र्य. तेव्हां आपण त्यास ‘मांसदारिद्र्य’ म्हणूं. (जन्मभर समास सोडवीत आलों, एक जोडिला तर वाचकांनीं क्षमा करावी.)

हें दारिद्र्य वरून दिसतेंच असें नाहीं. माझ्या धाकट्या भगिनीचे यजमान चांगले स्थूल. आंतड्याच्या कर्करोगासाठीं त्यांची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हां “देह भरलेला आहे, चिंता नको,” असें आम्ही सर्वच म्हणालों. मेदाखालीं स्नायु झिजत होते, हें कोणाच्या ध्यानींहि आलें नाहीं. त्यांतून शस्त्रक्रियेपूर्वीचे तीन आठवडे आम्ही त्यांस मोठ्या प्रेमानें अंथरुणावर निजवून पेजेवर ठेविलें! पुढें खोकण्याचेंहि बळ उरलें नाहीं; छातींत कफ सांठून न्यूमोनिया झाला, जखम भरेना. १० दिवसांचा मुक्काम ३१ दिवसांवर गेला. ते वांचले, पण भगिनीच्या पाटल्या गहाण पडल्या.

असें आमच्याच घरीं घडलें असें नव्हे. हॉलंडांतील रॉटरडॅम येथील वैद्यांनीं २०१७ सालीं ४५२ रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. आंतडें, यकृत, स्वादुपिंड यांच्या कर्करोगासाठीं त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. इतर कारणें जमेस धरूनहि, ज्यांचे स्नायु उणे त्यांचा रुग्णालयाचा खर्च सुमारें ४,००० युरोंनीं अधिक भरला. स्नायूंचें हें माप रोगनिदानासाठीं काढिलेल्या सी.टी. चित्रावरूनच, कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशीं, घेतां येतें. मग डॉक्टरांस तें विचारण्यास भीड कसली?

जखम भरण्यास लागणारें द्रव्य शरीर स्नायूंतून काढितें. त्या कोठारांत भर घालावयाची ती आधीं. युरोपांतील आहारतज्ज्ञ कर्करोग्यास वजनाच्या दर किलोस रोज १ ग्रॅमहून अधिक, शक्य तर १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिनें सांगतात. म्हणजे ६० किलोच्या मनुष्यास ६० ते ९० ग्रॅम. पेलाभर दुधांत सहा-सात ग्रॅम मिळतात. आमच्या पातळ वरणाविषयीं न बोलणेंच बरें! दाट वरण, उसळ, दहीं, पनीर हीं रोज पानांत हवींत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांस विचारूनच.

गेल्या वर्षीं भगिनीच्या जाऊबाईंवर तशीच वेळ आली. या खेपेस त्यांना निजूं दिलें नाहीं. सकाळ-संध्याकाळ अंगणांत फेऱ्या, आणि हात न टेकतां खुर्चीवरून पांच वेळां उठणें. त्यास १५ सेकंदांहून अधिक लागले तर स्नायु दुबळे समजतात. पहिल्या दिवशीं बाईंना २१ लागले, रुग्णालयांत जाण्याच्या आदल्या दिवशीं १४. नवव्या दिवशीं त्या घरीं आल्या. पाटल्या मात्र अद्याप सोडवावयाच्या आहेत.