मणक्याची दुखापत आणि न विचारलेला प्रश्न

कोकणात माडावरून, शहरात बांधकामाच्या परांचीवरून, नाहीतर बाइकवरून पडून तरुण माणसाच्या मणक्याला मार बसतो. घरचे डॉक्टरांना विचारतात, चालेल का? लघवीचं काय? खर्च किती? नवरा-बायकोच्या मनातला आणखी एक प्रश्न दोघंही गिळतात. डॉक्टरही बहुधा विषय काढत नाहीत. मग मोहल्लाच परस्पर निकाल देतो, ‘संपला बिचारा.’

हा निकाल चुकीचा आहे. ताठरता येण्याच्या वाटा दोन आहेत. एक मनातून, विचारातून येते. तिचा संबंध पाठीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या भागातल्या मज्जारज्जूशी. दुसरी स्पर्शातून येते. तिचं केंद्र अगदी खाली, माकडहाडाकडच्या भागात. मार मानेत किंवा पाठीत वर असेल, तर स्पर्शाची वाट पुष्कळदा शाबूत राहते. दुखापतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सगळंच बधिर असतं, तेव्हा लगेच निष्कर्ष काढू नये. सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांचा अनेकांना उपयोग होतो. मात्र त्या मेडिकलमधून गुपचूप आणू नयेत, कारण छातीदुखीच्या नायट्रेटच्या गोळ्यांसोबत त्या जिवावर बेततात. वीर्यस्खलन होत नसेल तर वैद्यकीय व्हायब्रेटर किंवा विद्युत उत्तेजनाने वीर्य मिळवता येतं, म्हणजे बाप होण्याचं दारही बंद नाही.

दुखापत बाईला झाली तर बोलणं त्याहून कमी. तिची पाळी काही महिने थांबते, मग बहुतेकींची परत सुरू होते. गर्भ राहू शकतो. ‘आता काय होणार’ म्हणून गर्भनिरोधनाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. एस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, हेही विचारून घ्यावं.

एक धोका मात्र प्रत्येक घराला ठाऊक हवा. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल आणि संबंधाच्या वेळी अचानक डोकं ठणकू लागलं, चेहऱ्यावर घाम फुटला, तर रक्तदाब भडकलेला असू शकतो. तिथेच थांबावं, उठवून बसवावं, कपडे सैल करावेत, लघवीची नळी अडली आहे का पाहावं. बरं वाटलं नाही तर लगेच दवाखाना.

‘हया’ आडवी येते म्हणतात. मला हे पटत नाही. गुस्लचे आणि हैजचे मसले आपण पोराबाळांना शिकवतोच ना? तिथे शब्द सापडतात, आजारी माणसासाठी का सापडू नयेत?

बायकोवर तर दोन्हीकडून दबाव. सासर म्हणतं सब्र कर, माहेर म्हणतं सोडून ये. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यातलं नपुंसकत्वाचं कलम निकाहाच्या वेळी असलेल्या नि पुढेही टिकलेल्या दोषाबद्दल आहे, आणि त्यातही नवऱ्याने अर्ज केला तर कोर्ट त्याला एक वर्ष देतं. निकाहानंतरच्या अपघाताला ते कलम लागू नाही. तिला खुला हवा असेल तर तो तिचा हक्क, त्यावर कुणी बोट दाखवू नये. पण त्याआधी दोघांना एकत्र बसवून कुणी माहिती दिली का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लैंगिक आणि प्रजनन आरोग्यसेवेचा उल्लेख आहे, स्त्रियांसाठी तर खास करून. डिस्चार्जच्या आधी हा प्रश्न डॉक्टरांना विचारा. समोर बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.