टेकडीवरची मातीची वाट तशीच राहू द्या

गेल्या महिन्यात एक जुने पेशंट सह्यांचा कागद घेऊन दवाखान्यात आले. तळजाईच्या टेकडीवरच्या मातीच्या पायवाटेवर पेव्हर ब्लॉक बसवावेत, अशी मागणी होती. "ज्येष्ठ नागरिकांसाठी आहे डॉक्टर, तुमची सही सगळ्यात वर हवी." मी सही केली नाही. ते जरा नाराज होऊन गेले. नकार का दिला हे बाहेर पेशंट बसलेले असताना नीट सांगता आले नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

तुमच्यापैकी अनेकजण त्या वाटेने गेला असाल. पायाखाली मुरूम, मध्येच उघडा पडलेला खडक, गिरिपुष्पाची मुळे, थोडा चढ, थोडा उतार. अर्ध्या-पाऊण तासात एक फेरी होते. या वाटेवर एक पाऊल दुसऱ्यासारखे पडत नाही. घोटा कधी आत कलतो, कधी बाहेर, आणि तो सावरायला पोटरीचे, मांडीचे, कमरेचे स्नायू क्षणात कामाला लागतात. तुम्हाला ते कळतही नाही.

माणसाचा तोल तीन गोष्टींवर सांभाळला जातो: डोळे, कानाच्या आतला भाग आणि पायाकडून मेंदूला जाणारी खबर. स्नायूंत, सांध्यांत आणि तळपायाच्या त्वचेत ही खबर देणारे मज्जातंतू असतात. पाऊल तिरके पडले, घोटा मुरगळतोय, हे तेच कळवतात. वयाबरोबर ही यंत्रणा मंदावते, आणि न वापरल्यास आणखी मंदावते. घरात गुळगुळीत फरशी, बाहेर डांबर, व्यायामाला ट्रेडमिलचा पट्टा. अशा आयुष्यात पायाला काही ओळखायची वेळच येत नाही. मग रात्री दोन वाजता दिवा न लावता बाथरूमला जाताना डोळ्यांची मदत नसते, पाय गोंधळतो आणि माणूस पडतो. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की बरेचजण पूर्वीसारखे चालू शकत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ६५ वर्षांपुढच्या लोकांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. तेवढे सगळ्यांना पाठ आहे. त्याच्याच पुढे आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायामही सांगितला आहे, तो मात्र कुणी करत नाही. मातीची वाट दोन्ही एकत्र देते, तीही फुकट. आणि आपण तीच सपाट करायला निघालो आहोत! ज्येष्ठांच्या नावाने!

"पण गुडघे झिजतील ना?" हा प्रश्न रोज येतो. गुडघा म्हणजे स्कूटरचा टायर नव्हे. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते, आणि भार पडला, सुटला, पुन्हा पडला की तो द्रव स्पंजमधल्या पाण्यासारखा आत-बाहेर होतो. संधिवाताच्या साध्या, वयोमानाच्या प्रकारात व्यायाम हा तर उपचाराचा पाया आहे. उतारावर गुडघ्यावर जास्त भार येतो, हे खरे. त्यासाठी पावले छोटी टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, हातात काठी घ्या. काठीची लाज कसली?

यात माझाही दोष आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी साठीच्या एका काकूंना मी सांगितले होते, "गुडघे दुखतात ना, मग टेकडी बंद. सोसायटीत सपाटीवर चाला." त्यांनी निमूटपणे ऐकले. पार्किंगभोवती गोल फिरून त्यांना कंटाळा आला, मैत्रिणी टेकडीवरच राहिल्या, आणि वर्षभरात चालणेच सुटले. पुढे त्या घरात पडल्या आणि खुब्याचे ऑपरेशन झाले. माझ्या सल्ल्यामुळेच त्या पडल्या असे सिद्ध करता येणार नाही. तरी तो सल्ला मी आता देत नाही.

कुणी म्हणेल, व्हीलचेअरवाल्यांचे काय? वॉकर घेऊन चालणाऱ्यांचे काय? त्यांना सपाट रस्ता हवाच, आणि तो चांगला हवा. पण शहरात फरशी घातलेले जॉगिंग ट्रॅक ठिकठिकाणी आहेत. मातीची वाट किती ठिकाणी उरली आहे? शिवाय पावसाळ्यात शेवाळलेल्या ब्लॉकवरून घसरलेले पेशंट मी दरवर्षी पाहतो.

सगळ्यांनी उद्याच टेकडी गाठावी असे मात्र नाही. चालताना छातीत दुखत असेल, दम लागत असेल, चक्कर येत असेल, तर आधी तपासून घ्या. इन्शुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. आणि मातीवर अनवाणी चालण्याची जी नवी टूम निघाली आहे, ती मधुमेहींनी कृपा करून सोडून द्यावी. पायाची संवेदना कमी झाली असेल तर काटा रुतलेला कळत नाही, कळते ते जखम चिघळल्यावर. पकड असलेले बूट घाला. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर १० सेकंद तोल राहतो का ते पाहा. राहत नसेल तर आधी काही आठवडे घरीच, ओट्याला धरून सराव करा आणि मग कुणाच्या तरी सोबतीने छोट्या फेरीपासून सुरुवात करा.

त्या गृहस्थांना मी दुसरा कागद लिहायला सांगितला आहे. पावसाने वाटेत पडलेल्या घळी मुरूम टाकून भरा, अगदी तीव्र उतार असेल तिथे दगडाच्या चार पायऱ्या करा, दर थोड्या अंतरावर बसायला बाक ठेवा. त्यावर माझी सही सगळ्यात वर घ्या. दवाखाना संध्याकाळी सहानंतर उघडा असतो.