तलफेचे दास्य

दरवर्षी आमच्या शाळेतून दहावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलेमुली महाविद्यालयाची वाट धरतात. त्या वेळी आईबापांस चिंता असते ती फीची, खोलीची आणि खाणावळीची. महाविद्यालयाच्या फाटकापासून थोड्या अंतरावर असलेल्या टपरीची चिंता मात्र फारसा कोणी करीत नाही. वास्तविक तीही एक शाळाच आहे, आणि तेथे शिकलेला धडा पुष्कळांस जन्मभर विसरता येत नाही. २०१६-१७ साली आपल्या देशात झालेल्या सरकारी पाहणीत तंबाखूचे सेवन सुरू होण्याचे सरासरी वय १८.९ वर्षे आढळले. हे वय महाविद्यालयात नुकतेच पाऊल टाकण्याचेच होय.

तंबाखूचा इतिहास जुना आहे. पोर्तुगीजांनी ती हिंदुस्थानात आणली. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा वकील असद बेग याने ती विजापुराहून बादशहाच्या दरबारी नेली. पुढे जहांगीराने १६१७ साली तिच्या सेवनास मनाई केली. परंतु बादशहाचे फर्मानही तलफेपुढे टिकले नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर तंबाखूच्या पानातच दडलेले आहे. १८२८ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोसेल्ट व रायमान या दोघा शास्त्रज्ञांनी त्या पानातून निकोटिन नावाचे द्रव्य वेगळे काढले. सिगारेटचा धूर छातीत ओढला की अवघ्या १० ते २० सेकंदांत हे द्रव्य मेंदूत पोहोचते व तेथे क्षणभर सुखाची भावना उत्पन्न करते. मात्र सुमारे दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. वारंवार सेवनाने मेंदूची घडणच अशी बदलते की ते न मिळाल्यास चित्त अस्वस्थ होते, चिडचीड वाढते, पुस्तकातील ओळी डोळ्यांपुढून जातात पण डोक्यात शिरत नाहीत. हीच तलफ. विशीच्या आतबाहेरच्या वयात मेंदूची वाढ पुरी झालेली नसते. म्हणून तिचे मूळ या वयात अधिक खोल जाते. विडी, सिगारेट, मावा, खर्रा, मशेरी ही नावे निरनिराळी असली तरी धनी एकच आहे.

कित्येक विद्यार्थी म्हणतात, “सिगारेट ओढली की अभ्यासात लक्ष लागते.” त्यांचा अनुभव खोटा नाही, पण त्यांनी काढलेले अनुमान खोटे आहे. लक्ष उडते ते तलफेमुळे आणि परत येते ते तलफ भागल्यामुळे. चोराने आपल्याच पेटीतला रुपया काढून आपल्यालाच व्याजाने द्यावा आणि आपण त्याचे उपकार मानावेत, त्यातलाच हा प्रकार!

सिगारेटच्या पाकिटावर भयंकर चित्रे असतात. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग त्या इशाऱ्याने व्यापलेला आहे. तरीही तरुण ते पाकीट निःशंकपणे विकत घेतो, कारण अठराव्या वर्षी पन्नाशीतला रोग कोणास दिसत नाही. म्हणून आमचे असे मत आहे की, तरुणांस केवळ मरणाचे भय दाखवून भागणार नाही. त्यांस आजचे दास्य दाखविले पाहिजे. जो तरुण आईबापांची, गुरुजनांची आज्ञा जाचक मानतो, त्याने दर दोन तासांनी टपरीची आज्ञा निमूटपणे पाळावी, यास स्वातंत्र्य कसे म्हणावे?

कायद्याने आपले काम केले आहे. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांस तंबाखू विकणे आणि शिक्षणसंस्थेच्या १०० यार्डांच्या आत ती विकणे निषिद्ध ठरविले. २०१९ साली ई-सिगारेटच्या विक्रीसही बंदी झाली. परंतु वसतिगृहाच्या खोलीत मित्र जेव्हा पहिली सिगारेट फुकट पुढे करतो, तेव्हा तेथे शिपाई उभा नसतो. तेथे उपयोगी पडतो तो “नको” हा एक लहानसा शब्द. तो उच्चारण्याचा सराव शाळेतच झाला पाहिजे.

पालकांस आमची नम्र विनंती अशी की, मुलास तंबाखूची पुडी आणावयास दुकानात धाडू नये. ज्या घरात ती पुडी देवासमोरच्या निरांजनाइतकी नित्याची असते, तेथे उपदेश व्यर्थ होय. आणि मुलाने आपली सवय कबूल केलीच, तर त्यास घराबाहेर काढू नये. तो अपराधी खरा, पण अडकलेलाही आहे.

जे अडकले असतील त्यांनी निराश होऊ नये. पहिले तीन दिवस अति कठीण जातात. पुढे काही आठवड्यांत तलफेचा जोर ओसरतो. १८००-११-२३५६ या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो, आणि डॉक्टरही साहाय्य करतात. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांचे पन्नास वर्षे निरीक्षण करून २००४ साली प्रसिद्ध केले की, धूम्रपानाने आयुष्याची सुमारे दहा वर्षे जातात. पण तिशीत ते सोडणाऱ्यास ती जवळजवळ सगळी परत मिळतात.

पवित्र शास्त्रात देहास मंदिर म्हटले आहे. त्या मंदिरात धनी कोण असावा, हे ज्याचे त्याने वेळीच ठरवावे. आमच्या विद्यार्थ्यांस ते ठरविण्याचे धैर्य परमेश्वर देवो, हीच आमची प्रार्थना.